आखुनाथांचे काळ्या तिळाचे मोदक

"ज्यात लसूण घातलेली नाही आणि तरी लसणीचा वास येतो, ते खाणं माणसाचं नव्हे, बाई. कोणाला खाऊ देऊ नका."

रामदास मला हे म्हणाला तेव्हा मी हसले होते. तो आणखी काही सांगणार होता, पण मी त्याला मध्येच तोडलं. म्हटलं, "मी इंटर सायन्स झालेली आहे, रामदास. विषं मला माहीत आहेत."

त्याने टोपी नीट केली, पिंजरा उचलला आणि तो गेला. त्याचं सांगणं अर्ध्यावर राहिलं. उरलेलं अर्धं मी ऐकून घेतलं असतं, तर सुंदराबाई आज आमच्या जिन्याखाली बसून नानांचे तांदूळ पाखडत असती. म्हणून हे लिहिते आहे.

ठाकूरद्वारच्या नाक्यापासून चार पावलांवर आमची सामंतांची वाडी. वर बिऱ्हाडं आणि खाली रस्त्याच्या तोंडाला आठ गाळे. पहिला गाळा माझ्या सासऱ्यांचा, नानांचा. त्यात पोहे, चुरमुरे, साबुदाणा, डाळी. शेजारी चिंतामणी बुकबाइंडर, त्यापुढे मसालेवाला, कापडवाला आणि बाकीचे. त्या साली, म्हणजे अठ्ठावन्नात, उंदरांनी या आठ गाळ्यांत उच्छाद मांडला होता. आज हरताळ, उद्या मोर्चा. दुकानं बंद, माणसं सभेला, आणि आत उंदरांना मोकळं रान. नानांची पोती खालून फाटायची. पोतं उचललं की पोहे जमिनीवर आणि हातात नुसतं तागाचं बारदान. चिंतामणीकडे संयुक्त महाराष्ट्र समितीची भित्तिपत्रकं ठेवलेली होती आणि त्यांच्यावर खळीचा डबा लवंडला होता. उंदरांनी ती कुरतडली.

"नेमकं 'मुंबईसह' तेवढं खाल्लंय," चिंतामणी येईल त्याला दाखवायचा. "बाकी मजकूर शाबूत. उंदीर दिल्लीचे दिसतात."

रामदास म्युनिसिपालिटीच्या उंदीर खात्यातला. पंधरा दिवसांनी एकदा डबा आणि पिंजरे घेऊन यायचा. पण त्याला गाळ्यात कोणी घेत नसे. "आत धान्य आहे, विष नको," असं नाना म्हणायचे. मसालेवाला म्हणायचा, "गणपतीचं वाहन आहे, मारायचं नाही." तिसरं कारण कोणी बोलत नसे. तो परळच्या चाळीतून यायचा, दोन वर्षांपूर्वी त्याने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि त्याआधीची त्याची जात आमच्या वाडीला अजून पाठ होती. मग तो बाहेर गटाराच्या कडेला गोळ्या ठेवायचा आणि दुसऱ्या सकाळी मोजून न्यायचा. उंदीर आत, गोळ्या बाहेर.

त्याला चहा द्यायची ती एक सुंदराबाई, आणि तोही स्वतःच्या कपात. ती मालवणकडची. नवरा गिरणीत होता, तो छातीच्या दुखण्याने गेला. आठही गाळ्यांचा केर ती काढायची आणि जिन्याखालच्या खोलीत राहायची. खोली म्हणायची एवढंच, जिन्याखालच्या पोकळीला दार लावलेलं होतं. माझी नलू अडीच वर्षांची. दिवसातला निम्मा वेळ ती सुंदराबाईच्या मांडीवर असायची. मी वरून दर दहा मिनिटांनी हाक मारायचे, "नलू आहे का गं?" खालून उत्तर यायचं, "हा हा, खय जातली? उंदरान नेल्यान नाय अजून."

अशात सोमवारी आखुनाथ महाराज आले.

मी वरच्या गॅलरीतून बघत होते. रस्ता माणसांनी भरला होता. बसचा कंडक्टर बाहेर वाकून बघत होता. ओट्यावर मृगाजिन, त्यावर महाराज, आणि मागे तांब्याची परात धरून उभा असलेला शिष्य. परातीत काळ्या तिळाच्या सारणाचे तळलेले मोदक, आठ गाळ्यांना एकवीस-एकवीस. महाराजांचा आवाज गोड होता, त्यांना माईकची गरजच नव्हती.

"मूषक मारायचा नसतो. मूषक कोण? गणरायाचं वाहन. अहो, तुमच्या दारात कोणाची मोटार उभी राहिली तर तुम्ही ती फोडता का? 'जरा पुढे घ्या' म्हणता. मी एवढंच करतो. त्यांना पुढे घ्या म्हणतो. दोन दिवस आमंत्रण, तिसऱ्या दिवशी निरोप. चौथ्या दिवशी तुमच्या गाळ्यात एक मूषक दिसणार नाही. जिवंत नाही आणि मेलेलाही नाही. समुद्रमार्गे प्रस्थान."

"महाराज," खालून चिंतामणी म्हणाला, "प्रस्थान करून जायचे कुठल्या राज्यात? सध्या तोच वाद चाललाय."

लोक हसले. महाराजही हसले. "मूषकाला द्वैभाषिक नाही, बाळ. त्याला सगळं विश्व एकभाषिक."

मग त्यांनी परातीतला एक मोदक उचलला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि खाल्ला. सावकाश, दोन घासांत. "कोणी म्हणेल, यात काही घातलं असेल. घातलं आहे. भक्ती घातली आहे."

टाळ्या पडल्या. गाळ्यागाळ्यांत, पोत्यांच्या मागे मोदक ठेवले गेले. महाराजांचा नियम असा की संध्याकाळी सातला दारं बंद करायची आणि सकाळी त्यांच्याआधी कोणी आत पाऊल टाकायचं नाही. मंगळवारी सकाळी महाराज आत गेले, बाहेर आले आणि म्हणाले, "आमंत्रण स्वीकारलं." बरेच मोदक खरंच गायब होते. उरलेले त्यांनी प्रसाद म्हणून वाटले. सासूबाईंनी नलूसाठी एक आणला. मी तो गुपचूप केरात टाकला. उंदीर फिरलेल्या जागेचा मोदक कोण मुलीला देईल? तेवढ्यावरून घरात भांडण झालं. सासूबाई म्हणाल्या, "शिकलेल्या सुनेला देवाचं वावडं असतं, हे मला लग्नातच कळायला हवं होतं." सुंदराबाईने तिच्या वाट्याचा कपाळाला लावून खाल्ला. बुधवारी सकाळी परत तेच. परत वाटप, आणि परत सुंदराबाईने खाल्ला.

बुधवारी दुपारी रामदास आला. ओट्यावर मोदकाचा तुकडा सांडला होता. त्याने तो उचलून बोटाने फोडला, हुंगला आणि टाकून दिला. मी नलूला नळावरून आणत होते. मला थांबवून तो म्हणाला, "हा साधा आहे. पण बाई, काळे तीळ कशाला घेतले असतील? आजच्या संध्याकाळचे बघा." आणि मग ते लसणीचं वाक्य. मी काय उत्तर दिलं ते वर लिहिलंच आहे. खरं सांगायचं तर मला राग आला होता. उंदीर पकडणारा माणूस मला रसायन शिकवतो आहे, असं मनात आलं होतं. जाताना तो एवढंच बोलला, "उद्या चारला येतो परत."

बुधवारी संध्याकाळी महाराजांनी मोदक खाल्ला नाही. "आज मौन," शिष्याने जाहीर केलं. मी ते बघितलं. माझी नजर तीक्ष्ण आहे, मूल झाल्यापासून तर फारच. पण बघितलेलं सगळं आपण बोलतोच असं नाही.

गुरुवारी सकाळी सात वाजता महाराज आणि शिष्य आत गेले, आठही गाळ्यांत. तासभर आतून घंटा वाजत होती. मग निर्माल्याची दोन पोती बाहेर आली, वर झेंडूची फुलं. ती हातगाडीवर चढवून शिष्य चौपाटीकडे गेला. "आजचा प्रसाद समुद्राचा," महाराज म्हणाले. "कोणी मागू नये." दारं उघडली. आत उंदीर नाही, लेंडी नाही, काही नाही. नानांनी डोळे पुसले. कापडवाल्याने महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. रविवारी महाराजांचा सत्कार करायचं तिथल्या तिथे ठरलं.

नऊच्या सुमाराला सुंदराबाई केर काढून वर आली. मी आणि सासूबाई स्वयंपाकघरात होतो.

"वयनी, एक विचारू?" ती दारातूनच म्हणाली. "फुलांचो पोतो इतको जड असता? त्या मेल्याक दोन माणसा लागली चढवूक."

मी हसले. तेव्हाही हसलेच.

मग तिने पदराची गाठ सोडली. दोन मोदक. "नानांच्या फळयेखाली, कोपऱ्यात गावले. उंदरान ओढून नेलेले, तोंड लावूक नाय. एक माझ्या नलूक."

"अगं, आजचे समुद्राचे ना?" सासूबाई म्हणाल्या.

"समुद्रापर्यंत कोण जातला, काकी? जमनीर पडलेलो देवाचो पदार्थ, पायाखाली इलो तर पाप लागतला. डोक्याक लावचो आणि खावचो. माझी आये असाच करी."

नलूने हात पुढे केला. मी तिच्याआधी मोदक घेतला आणि नाकाशी नेला. तुपाचा वास, गुळाचा वास, आणि त्यांच्या मागे, अगदी पुसट, लसूण.

पुढच्या चार-पाच क्षणांचा मी रोज हिशेब देते, आणि तो कधी जुळत नाही. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. परवाचं भांडण अजून चुलीवर होतं. माझी खात्रीही नव्हती. वास माझ्याच हाताचा असेल, सकाळी मी चटणी वाटली होती का, असं मी आठवत होते. मी म्हटलं, "नलूचं पोट बरं नाही. मी ठेवते, मग देईन." गोड आवाजात म्हटलं, कोणाचं मन दुखावू नये म्हणून. मोदक उंच फळीवर, डब्याच्या मागे ठेवला. नलूचे हात धुतले. दोनदा धुतले.

सुंदराबाईने दुसरा मोदक परत पदरात बांधला. मी ती गाठ बघितली. ती जिना उतरून गेली. मी काही बोलले नाही.

माझ्या मुलीपुरतं मला सगळं कळलं होतं.

दुपारी बाराला सुंदराबाई भाताची पेज न्यायला यायची, ती आली नाही. त्या दिवशी संध्याकाळी शिवाजी पार्कला सभा होती. सभेला ती सकाळीच बायकांबरोबर चालत निघायची आणि घोषणा देऊन घसा बसवून परतायची. गेली असेल, असं मी म्हटलं. सगळ्यांनीच म्हटलं. एकदा नळावर जाताना आणि एकदा नलूला फिरवताना मी तिच्या दारावरून गेले. दार लोटलेलं होतं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा आतून आवाज आला, काहीतरी खरवडल्यासारखा, थांबून थांबून. मी उभी राहिले. मला वाटलं, उंदीर. महाराजांचा हा एक चुकला. चिंतामणीला सांगितलं पाहिजे, तो हसेल.

मी वर गेले.

चारला रामदास आला. ओट्याखालूनच त्याने विचारलं, "सुंदराबाई कुठाय?"

"सभेला गेली," मी गॅलरीतून म्हटलं.

"चपला आहेत तिच्या इथे."

मी खाली बघितलं. जिन्याच्या पहिल्या पायरीजवळ चपला होत्या. दिवसभर तिथेच होत्या. रामदासने दार ढकललं आणि माझं नाव न घेता, बाई न म्हणता ओरडला, "खाली या."

ती जमिनीवर होती. माठापर्यंत सरपटत गेली होती. हाताला लागेल एवढं पाणी त्यात नव्हतं, म्हणून वाटीने माठाचा तळ खरवडत होती. तो आवाज त्याचा होता.

चिंतामणीने टॅक्सी आणली. इस्पितळात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी तिच्या तोंडाशी वाकून वास घेतला आणि विचारलं, "लसूण घातलेलं काय खाल्लं हिने?"

"मोदक," मी म्हटलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. मागून रामदास म्हणाला, "साहेब, उंदराचं औषध आहे. काळी पूड. आम्ही वापरतो." डॉक्टर एकदम धावले. जाता जाता त्यांनी नाव उच्चारलं, झिंक फॉस्फाइड. पोटात गेलं की त्याचा विषारी वायू होतो. त्याला उतारा नाही. पहिल्या तासा-दोन तासांत आणलं तर पोट धुता येतं.

तिने सकाळी साडेनऊला खाल्ला होता. आम्ही पाचला पोचलो होतो.

संध्याकाळी तिने डोळे उघडले. मला ओळखलं. ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं पाणी मागेल.

"नलून खाल्ल्यान?"

"नाही."

"बरा झाला," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी ती गेली.

रविवारी सत्कार झालाच; इस्पितळाने कळवलेले पोलीस अजून वाडीत आले नव्हते. "एका बाईसाठी सगळ्यांचं देवकार्य का थांबवायचं?" असं कापडवाला म्हणाला. ओट्यावर हार, नारळ, शाल. महाराज बोलत होते, "मूषक गेले ते कोणामुळे? माझ्यामुळे नाही. तुमच्या श्रद्धेमुळे." तेवढ्यात मी जिना उतरले. हातात वाटी, वाटीत तो फळीवरचा मोदक. नलूला मी सासूबाईंकडे दिलं होतं. त्या "कुठे जातेस?" असं विचारायला गेल्या आणि माझ्या तोंडाकडे बघून थांबल्या.

"महाराज, हा तुमचाच ना?"

त्यांनी बघितलं. "प्रसाद आहे, माते. पण त्याची वेळ टळली."

"वेळ टळली की काय होतं?"

"तेज जातं."

"मग तेज गेलेला खायला हरकत नाही. सोमवारी खाल्लात तसा खा. दोन घासांत."

"आज आमचा उपास आहे."

"प्रसादाने उपास मोडत नाही. नाहीतर तुमच्या शिष्याला द्या."

मी वाटी शिष्यापुढे धरली. तो मागे सरला, दोन पावलं. ओट्याची कड संपली म्हणून थांबला. बाकी काही झालं नाही. पण ते मागे सरणं रस्त्याभर सगळ्यांनी बघितलं.

"रामदास," मी म्हटलं, "बुधवारी मी तुम्हाला बोलू दिलं नाही. आता सांगा."

तो रस्त्यावरच उभा होता. त्याने आवाज चढवला नाही, ऐकायला लोकच पुढे सरकले.

"उंदीर माणसापेक्षा शहाणा. नवीन खाणं दिसलं की आधी थोडं चाखतो, पोट दुखलं की पुन्हा शिवत नाही. म्हणून आम्ही काय करतो? दोन दिवस साधं पीठ ठेवतो, त्याच जागी, त्याच आकाराचं. त्याला भरवसा येतो. तिसऱ्या दिवशी त्याच पिठात पूड. मग पोटभर खातो. हे आम्हाला खात्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. ह्यात मंत्र नाही. पूड काळी असते म्हणून ह्यांनी काळे तीळ घेतले. पहिल्या दोन दिवसांचे मोदक साधे, म्हणून खाऊन दाखवले. तिसऱ्या दिवशी मौन."

"आणि मेलेले उंदीर कुठे गेले?" चिंतामणीने विचारलं. या वेळी तो हसत नव्हता.

"चौपाटीवर. शुक्रवारी आमच्या माणसांना वाळूत दोन पोती मिळाली. वर झेंडू. खाली एकशे चौदा उंदीर."

कोणीतरी मागून म्हणालं, "पण महाराजांनी सांगितलं होतं, आजचा प्रसाद कोणी खायचा नाही. बाईने नियम मोडला."

"नियम सांगितला होता," मी म्हटलं. "विष आहे असं नव्हतं सांगितलं. विष म्हटलं असतं तर ती चिमट्याने उचलून गटारात टाकून आली असती. प्रसाद म्हटलं, म्हणून कपाळाला लावलं."

"हेच," रामदास म्हणाला. "मी विष म्हणून आणतो, म्हणून मला ओट्याखाली उभं करता. हे प्रसाद म्हणून आणतात, म्हणून ह्यांना आत नेता. मी एकवीस गोळ्या ठेवल्या तर सकाळी मोजून घेतो. एक कमी पडली तर सापडेपर्यंत घरी जात नाही. उंदीर गोळी ओढून नेतो, कोपऱ्यात टाकतो, हे पोराला पण माहीत. ह्यांनी कमी पडले ते सगळे 'स्वीकारले' म्हणून सोडून दिले. त्यातले दोन सुंदराबाईला सापडले."

मी त्या वेळी एक गोष्ट बोलले नाही, ती इथे लिहिते. दोन दिवस साधे, त्याच जागी, त्याच आकाराचे; तिसऱ्या दिवशी पूड. उंदरांना जशी सवय लावली, तशीच सुंदराबाईला लागली. तिने सोमवारचा मोदक फक्त बघितला होता. मंगळवारचा खाल्ला, बुधवारचा खाल्ला, काही झालं नाही. गुरुवारी तिने विचार का करावा? आणि मी शिकलेली, वास ओळखणारी, तिच्या पदराच्या गाठीकडे बघत उभी होते.

महाराजांना पोलीस घेऊन गेले. पुढे चौकशी झाली. "मी कोणाला खायला सांगितलं नव्हतं," असं ते प्रत्येक वेळी म्हणत राहिले, आणि ते खरं होतं. आमच्या वाडीतले दोघे अजून म्हणतात की माणूस सिद्ध होता, बाईचं प्राक्तन आड आलं. त्यांच्याशी मी आता वाद घालत नाही. त्यांना विचारते, सिद्ध होता तर पूड कशाला लागली? ते विषय बदलतात.

दीड महिन्यात उंदीर परत आले. येणारच होते. भोकं तशीच, सांडलेले दाणे तसेच, पोती भिंतीला टेकलेली तशीच. मेलेल्यांच्या जागी शेजारच्या वाडीतले आले. मग नानांनी स्वतः निरोप धाडून रामदासला बोलावलं. या वेळी तो गाळ्यात शिरला. पोती भिंतीपासून हातभर पुढे ओढून फळ्यांवर चढवायला लावली. दारांच्या तळाला पत्रा मारून घेतला. भोकं सिमेंट आणि काचांच्या चुऱ्याने बुजवली. चिंतामणीच्या खळीच्या डब्याला झाकण आलं. गोळ्या ठेवल्या तिथे खडूने खुणा केल्या, आणि सकाळी त्या मोजून परत घेतल्या. महिना लागला. यात चमत्कार नव्हता, म्हणून बघायला गर्दीही नव्हती.

काम संपलं त्या दिवशी नाना ओट्याच्या कडेला आले. हातात घरातला कप, कानाचा, चांगला. "रामदास, वर येऊन बस. चहा घे."

रामदासने जिन्याखालच्या दाराकडे बघितलं. "नको, नाना. इथे मला चहा देणारी होती एक." तो डबा उचलून गेला.

आता तुम्हाला सांगायचं ते सांगते. तुमच्या दुकानात, वखारीत, हॉटेलात उंदीर झाले तर म्युनिसिपालिटीत जा, नाहीतर भोकं स्वतः बुजवा. जो माणूस औषधाला औषध म्हणत नाही, त्याच्या हातचं काही घेऊ नका, मग तो कितीही गोड बोलो. त्याने स्वतः खाऊन दाखवलं तर विचारा, काल खाल्लंस, आजचंही खा. आणि कोणी तुम्हाला सावध करायला आला तर त्याचं वाक्य पुरं होऊ द्या.

हे सगळं नंतर केलंत तरी चालेल. आधी एक करा. तुमच्या गाळ्यांचा केर कोण काढतं? उरलंसुरलं कोणाच्या पदरात जातं? ती आज आली का? सभेला गेली असेल, गावी गेली असेल, असं म्हणू नका. तिच्या चपला कुठे आहेत ते बघा. दार लोटलेलं असेल आणि आतून खरवडल्याचा आवाज येत असेल, तर उंदीर असेल म्हणून पुढे जाऊ नका. हे पुस्तक खाली ठेवा आणि दार ढकलून बघा.